न फोडलेली पाकिटे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयाविषयी बोलावे, शिवचरित्राविषयी बोलावे, नाट्यसंगीताविषयी बोलावे, अशी आपल्याकडील रीत आहे. रीत चांगली आहे, आणि या मालेतील इतर वक्ते ती समर्थपणे चालवीत आहेत. आम्ही मात्र आज आपणापुढे एक अगदी क्षुल्लक वाटणारा विषय घेऊन उभे आहोत. अमेरिकेत आणि कॅनडात मुलांच्या बबलगमबरोबर खेळाडूंची छापील चित्रे मिळत असत. त्या चित्रांची काही पाकिटे चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षे कोणी फोडलीच नाहीत. ती पाकिटे आज कोठेतरी माळ्यावर, तळघरात, बंद पडलेल्या दुकानाच्या कोठारात सापडतात, आणि सापडणाऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पाकीट फोडावे, की फोडू नये? या एका प्रश्नाविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, आणि तो केवळ अमेरिकेतल्या लोकांचाही नाही.

ज्यांनी लहानपणी काडेपेट्यांवरची चित्रे जमविली असतील, त्यांना या छंदाचे मूळ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जे वयाने लहान आहेत त्यांना 'बिग फन' बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रे आठवत असतील. एकाकडे एकच चित्र तीनदा यावे, दुसऱ्याकडे ते नसावे, मग शाळेच्या मधल्या सुटीत अदलाबदल व्हावी, हा व्यवहार जगातील सर्व मुले सारख्याच गांभीर्याने करतात.

अमेरिकेत या चित्रांचा जन्म मात्र मुलांसाठी झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून तीत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. पुठ्ठा घालावयाचाच, तर त्यावर चित्र का छापू नये, असा विचार व्यापाऱ्यांनी केला आणि नट्या, पक्षी, राजेरजवाडे व खेळाडू त्या तुकड्यांवर अवतरले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंची जी मोठी माला काढली, तीत होनस वॅगनर या विख्यात खेळाडूचे कार्ड होते. वॅगनरने हरकत घेतल्यामुळे ते लवकरच मागे घेण्यात आले. मुलांनी तंबाखूची पाकिटे विकत घ्यावीत हे त्याला रुचले नाही, असे काही म्हणतात. त्याला मोबदला मिळाला नव्हता, असे काही म्हणतात. कारण कोणतेही असो, त्या कार्डाच्या साठांच्या आसपासच प्रती आज ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली.

पुढे तंबाखूची जागा गोडाने घेतली. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली बबलगमबरोबर २४० कार्डांची माला काढली. तीतले १०६ क्रमांकाचे कार्ड तिने त्या वर्षी छापलेच नाही. बिचारी मुले पाकिटांमागून पाकिटे फोडीत राहिली, आणि माला काही पुरी होईना! ज्यांनी कंपनीला तक्रारीची पत्रे धाडली, त्यांना पुढील वर्षी नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे ते कार्ड टपालाने पाठविण्यात आले. न फोडलेल्या पाकिटात काय दडलेले असते, याचे हे पहिले सुंदर उदाहरण होय. त्यात वस्तू असते, आणि वस्तूहून अधिक अशी आशा असते.

आजच्या कार्डाचे रूप ठरले ते १९५२ साली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात टॉप्स नावाची गम तयार करणारी कंपनी होती. तिच्या साय बर्गर या तरुण कर्मचाऱ्याने आपला सहकारी वुडी गेल्मन याच्यासह, घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, त्या मालेची आखणी केली. पुढच्या बाजूस खेळाडूचे रंगीत चित्र, त्याची स्वाक्षरी आणि संघाचे चिन्ह. मागच्या बाजूस त्याची माहिती आणि खेळाचे आकडे. ४०७ कार्डांची ही माला टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेवटचा टप्पा, म्हणजे ३११ क्रमांकापासून पुढची कार्डे, येईतो बेसबॉलचा हंगाम सरत आला होता. मुलांचे लक्ष दुसऱ्या खेळाकडे वळले, दुकानदारांनी माल घेतला नाही, आणि उरलेली खोकी कोठारात पडून राहिली.

त्या खोक्यांचे पुढे काय झाले, ते बर्गर यांनी स्वतःच उत्तरायुष्यात सांगितले. आठ वर्षे तो माल कोणी घेईना. अखेर १९६० साली तो कचरा वाहणाऱ्या एका तराफ्यावर चढविण्यात आला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन अटलांटिक महासागरात बुडविण्यात आला. त्या शेवटच्या टप्प्यातले पहिलेच, ३११ क्रमांकाचे, कार्ड मिकी मँटल या खेळाडूचे होते. ते मँटलचे पहिले कार्डही नव्हे; बोमन कंपनीने त्याचे कार्ड १९५१ सालीच काढले होते. तरीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये या ३११ क्रमांकाच्या कार्डाची एक उत्तम प्रत लिलावात १ कोटी २६ लक्ष डॉलरना गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे १०० कोटी रुपये होते! हीच प्रत तिच्या मालकाने १९९१ साली ५०,००० डॉलरना घेतली होती.

श्रोतेहो, या आकड्यांनी आपण भारावून जाऊ नये. हे मोल कागदाचे नाही, छपाईचे नाही, आणि केवळ खेळाडूच्या कीर्तीचेही नाही. ते टाकून दिलेल्या इतर प्रतींचे मोल आहे. मुलांनी कार्डे खिशात कोंबली, सायकलच्या चाकात आवाज यावा म्हणून अडकविली, भिंतीवर आपटून खेळली. मुले शिकावयास किंवा सैन्यात गेली आणि मागे आयांनी घर आवरताना बुटांच्या खोक्यांसह ती केराच्या टोपलीत टाकली. कोणालाच ती ठेवण्याजोगी वाटली नाहीत, म्हणूनच जी राहिली ती मोलाची झाली.

आता ज्या पाकिटाविषयी आपण बोलत आहो, त्याची रचना पाहू. पाकीट साध्या मेणकागदाचे असे. आत कार्डांचा गठ्ठा आणि त्यावर साखरेची भुकटी लावलेली गुलाबी गमची पातळ वडी. कागदाच्या कडा मागच्या बाजूस दुमडून त्यांवर उष्णता दिली, की मेण वितळून कडा चिकटत. एवढेच काय ते त्याचे कुलूप. त्यावर ना लाख, ना मोहोर. अशी अनेक पाकिटे एका पुठ्ठ्याच्या डब्यात आणि असे अनेक डबे एका खोक्यात. वर्षे लोटली की वडी काचेसारखी ठिसूळ होते. तिला टेकलेल्या कार्डावर तिचा तपकिरी डाग उमटतो. मागच्या कार्डावर मेण उतरते. म्हणजे बंद पाकिटात काळ थांबलेला असतो, ही आपली समजूतच आहे. पाकीट बंद असले तरी आत काळाचे काम चालूच असते.

अशा वस्तू सापडतात कशा, याची दोन उदाहरणे सांगतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डिफायन्स नावाचे एक गाव आहे. तेथील एका जुन्या घराच्या माळ्यावर २०१२ साली, वाडवडिलांच्या सामानाची आवराआवर करताना, नातवंडांना पुठ्ठ्याचे एक धुळकट खोके सापडले. आत सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे होते. १९१० च्या सुमारास मिठाईबरोबर वाटण्यासाठी काढलेल्या मालेतली ही सुमारे ७०० कार्डे होती. आजोबांचे मांसविक्रीचे दुकान होते. गिऱ्हाइकांना वाटण्यासाठी ती त्यांच्याकडे आली असावीत आणि वाटावयाची राहून गेली असावीत, असा तर्क करण्यात आला. शंभर वर्षांत त्यांना बोट लागले नव्हते. टाय कॉब, साय यंग, होनस वॅगनर ही त्या खेळातली मोठमोठी नावे त्या गठ्ठ्यांत कोरी करकरीत बसलेली होती. अवघ्या ३७ कार्डांना पहिल्या लिलावात साडेपाच लाख डॉलरहून अधिक किंमत आली. आम्हांला त्याहून विशेष वाटले ते पुढचे. त्या कुटुंबातल्या वीस चुलत-आते भावंडांनी ती कार्डे आपसांत समान वाटून घेतली. वडिलार्जित मालमत्तेच्या वाटण्या कशा होतात हे आपण सारे जाणतो. तेव्हा या गोष्टीचे कौतुक वेगळे करावयास नको.

दुसरे उदाहरण कॅनडातले. तेथील सस्कॅचवान प्रांतातल्या एका कुटुंबाच्या घरी, वडिलांनी साठविलेल्या नाना वस्तूंच्या ढिगात, बर्फावरील हॉकीच्या १९७९-८० च्या हंगामाच्या कार्डांचे एक अखंड खोके निघाले. ओंटारियो प्रांतातील लंडन या गावच्या ओ-पी-ची कंपनीचा हा माल. त्यात १६ डबे, प्रत्येक डब्यात ४८ पाकिटे, प्रत्येक पाकिटात १४ कार्डे. म्हणजे एकूण १०,७५२ कार्डे. त्या मालेत वेन ग्रेट्स्की या महान खेळाडूचे पहिले कार्ड होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते खोके लिलावात ३७ लक्ष २० हजार डॉलरना गेले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ३१ कोटी रुपये होते.

येथे आपण थोडे गणित करू. मालेत ३९६ निरनिराळी कार्डे होती. सर्व कार्डे सारख्या प्रमाणात घातली असतील असे धरले, तर १०,७५२ कार्डांत ग्रेट्स्कीची सुमारे २७ कार्डे निघावीत. म्हणजे दर २८ पाकिटांमागे एक. परंतु नुसते कार्ड निघून भागत नाही. कार्डांची प्रत ठरविणाऱ्या संस्था त्यांना एकपासून दहापर्यंत गुण देतात. कोपरे तीक्ष्ण हवेत, चित्र बरोबर मध्यावर हवे, डाग नको. या कंपनीची कार्डे तारेने कापली जात, त्यामुळे त्यांच्या कडा मुळातच खरबरीत असत. हेच ग्रेट्स्कीचे कार्ड दहापैकी दहा गुणांचे असेल तर काय होते पाहा : २०२१ साली अशा एकाच कार्डाला ३७ लक्ष ५० हजार डॉलर पडले. म्हणजे दहा हजारांहून अधिक कार्डांचे खोके आणि एक निर्दोष कार्ड यांची किंमत जवळजवळ सारखी!

यावरून ध्यानात येईल की, खोके घेणारा माणूस आतली कार्डे विकत घेत नाही. तो शक्यता विकत घेतो. खोके बंद आहे तोवर त्यातले प्रत्येक कार्ड दहा गुणांचे असू शकते. पाकिटे फोडली की बहुतेक कार्डे पाच-सहा गुणांची निघतात, काहींवर गमचा डाग असतो, आणि शक्यतेचे रूपांतर हिशेबात होते. म्हणूनच या व्यापारात एक विलक्षण गोष्ट घडते. जे पाकीट मुलाने दुकानाच्या पायरीवरच फोडावे म्हणून निर्माण झाले, ते न फोडल्याबद्दलच लोक पैसे मोजतात.

जेथे न पाहिलेल्या वस्तूला मोल येते, तेथे लबाडीही येणारच. कडा हलकेच गरम करून पाकीट उघडावयाचे, चांगले कार्ड काढून घ्यावयाचे, हलके घालावयाचे आणि पुन्हा चिकटवावयाचे, हा उद्योग जुनाच आहे. त्यामुळे पाकिटाच्या घड्या, मेणाच्या खुणा, वडीचा आकार पाहून पाकीट खरोखर अस्पर्श आहे की नाही हे सांगणारे जाणकार निर्माण झाले. पण जाणकारही बाहेरूनच पाहणार. २०२१ च्या अखेरीस लोगन पॉल या अमेरिकन तरुणाने पोकेमॉनच्या खेळातील कार्डांचे एक बंद खोके ३५ लक्ष डॉलरना घेतले. जाणकारांनी त्याची ग्वाही दिलेली होती. ते जाहीरपणे उघडले, तेव्हा आत भलत्याच, जी. आय. जो या मालेतल्या कार्डांचा माल निघाला. बंद वस्तूवरची श्रद्धा किती महाग पडू शकते, हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले.

आता तर याहून पुढची पायरी आली आहे. कारखान्यांत यंत्रांचे भाग तपासण्यासाठी जी क्ष-किरणांची सीटी स्कॅन यंत्रे वापरतात, त्यांतून बंद पाकिटातली कार्डे न उघडता ओळखता येतात, असे २०२४ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने दाखवून दिले. कोणी म्हणेल, प्रश्नच मिटला. आता फोडावयास नको आणि फसावयासही नको. आमच्या मते प्रश्न मिटला नाही, पाकीट तेवढे संपले. ज्याच्या आत डोकावून झाले आहे ते पाकीट नावापुरतेच बंद. ज्याने आतले पाहिले तो हलकी पाकिटे 'अस्पर्श' म्हणून दुसऱ्याला विकणार, आणि विकत घेणारा बापडा त्यात आशा भरीत बसणार.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळू. फोडावे, की फोडू नये?

न फोडणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. फोडलेले पाकीट पुन्हा बंद होत नाही. जगात अशी पाकिटे रोज एकाने कमी होतात, वाढत कधीच नाहीत. मेणकागदाची घडी, वडीची जागा, कार्डांचा मूळ क्रम, हे सारे एका क्षणात नाहीसे होते. उलट फोडणारे म्हणतात की, कार्डाचा जन्म पाहिला जाण्यासाठी आहे. जे कोणी कधीच पाहणार नाही, ते असले काय आणि नसले काय? फोडणाऱ्याच्या हातात तो क्षण येतो, जो त्या मुलासाठी राखून ठेवला होता आणि त्याला मिळाला नाही.

आमचा कौल कोणीकडे आहे, हे सांगण्यापूर्वी एका माणसाची ओळख करून देतो. त्याचे नाव जेफरसन बर्डिक. जन्म १९०० सालचा. हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यात काम करणारा साधा कामगार. संधिवाताने त्याचे हात पुढे पुढे वाकडे होत गेले. त्या हातांनी त्याने तीन लाखांवर छापील चित्रे जमविली, त्यांचे वर्ग पाडले आणि त्यांची सूची प्रसिद्ध केली. वॅगनरच्या मालेला संग्राहक आज ज्या 'टी २०६' या नावाने ओळखतात, ते नाव बर्डिकच्या सूचीतले आहे. आपला सारा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाला दिला. एवढ्यावर तो थांबला नाही. वर्षानुवर्षे तेथे जाऊन त्याने स्वतः ती चित्रे वह्यांत लावली. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचे काम संपले, आणि मार्चमध्ये तो वारला. त्याने या चित्रांतून संपत्ती केली नाही. आज कोट्यवधींचे लिलाव होतात, ते मात्र त्याने लावून दिलेल्या क्रमाच्या आधारावर.

बर्डिकचे उदाहरण आम्हांला असे शिकविते की, फोडणे आणि न फोडणे याच दोन वाटा नाहीत. तिसरी वाट आहे : उघडावे, पाहावे, नोंदवावे आणि पुढच्याच्या हाती द्यावे. शंभर बंद पाकिटांपैकी काही तशीच राहोत. ती कशी असत हे पुढच्यांना कळावे म्हणून त्यांची गरज आहे. पण सगळीच बंद राहिली असती, तर त्यांत काय असते हेच कोणाला कळले नसते, आणि मग त्यांचे मोलही कोणी केले नसते. बंद पाकिटाला जी किंमत आहे, ती कधीकाळी कोणीतरी तसलेच पाकीट फोडून पाहिले म्हणून आहे.

बंधुभगिनींनो, आता हा विषय या व्यासपीठावर का, हे सांगतो. आपले मंडळ स्थापन झाले त्या सुमारास हीच पाकिटे अमेरिकेच्या कोपऱ्याकोपऱ्यावरील दुकानांत काही सेंटांना मिळत होती. कोणाला त्यांची मातब्बरी नव्हती. आपल्याही घरांत तशी पाकिटे आहेत. नोकरीच्या निमित्ताने जी पिढी महाराष्ट्र सोडून इकडे आली, तिने बरोबर आणलेल्या ट्रंका अजून पुष्कळांच्या माळ्यावर आहेत. त्यांत गावाकडची पत्रे आहेत, लग्नपत्रिका आहेत, दिवाळी अंक आहेत, मंडळाच्या जुन्या नाटकांची हस्तपत्रके आहेत. ज्यांनी त्या भरल्या ते आता थकले, काही निघून गेले. आणि ज्यांच्या हाती त्या येणार, त्यांना देवनागरी सहज वाचता येईलच अशी खात्री उरलेली नाही. ओहायोच्या त्या नातवंडांना निदान चित्रावरची नावे वाचता येत होती!

आपणांपैकी वाचनालयाची सेवा केलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. जुन्या पुस्तकांची पाने कधी कधी कडेला जोडलेलीच येत, आणि वाचणाऱ्याने ती कापून घ्यावयाची असत. ग्रंथालयाच्या कपाटात असे पाने न कापलेले पुस्तक हाती येते, तेव्हा ग्रंथपालाच्या मनास चटका बसतो. इतकी वर्षे ते जपले, धूळ झटकली, नोंदवहीत लिहिले. वाचले मात्र कोणी नाही. बेसबॉलच्या कार्डाचे पाकीट न फोडले तर त्याची किंमत वाढते. पुस्तकाची पाने न कापली तर त्याची किंमत वाढत नाही. पत्राचे तसेच, आणि भाषेचेही तसेच. त्यांच्यासाठी कोणी लिलाव मांडून बसलेले नाही. त्यांना गिऱ्हाईक आहे ते एकच, आणि ते म्हणजे आपली मुलेबाळे.

म्हणून आमची एक विनंती आहे. येत्या सुटीत आपण आपल्या घरातील अशी एखादी ट्रंक घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून उघडावी. घाई करू नये. वस्तू ज्या क्रमाने निघतील तो क्रम लिहून ठेवावा. बांधलेली दोरी आणि वरचे कागद लगेच फेकू नयेत, कारण त्यांवरही तारीख-वार सापडतो. छायाचित्र निघाले तर त्यातील माणसांची नावे त्याच दिवशी विचारून घ्यावीत. उद्या सांगणारा असेलच असे नाही. पत्र निघाले तर ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. आणि जे आपल्याला ठेवणे शक्य नसेल, ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मंडळाला एकदा दाखवावे. मंडळाच्या कार्यकारिणीने त्यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही राखून ठेवावी, अशी सूचना आम्ही या निमित्ताने अध्यक्षांपुढे नम्रपणे ठेवतो.

त्यात दहापैकी दहा गुणांचे काही निघेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. बहुधा डाग पडलेले, कडा झिजलेले असेच काही निघेल. परंतु ते आपले आहे, ते वाचता येण्याजोगे आहे, आणि ते समजावून सांगणारी माणसे आज आपल्यात बसलेली आहेत.

मंडळाला शतक महोत्सवाचे दिवस दिसोत, आणि त्या दिवशी ही स्मरणिका कोणाच्या तरी हाती पाने उलगडलेल्या, हाताळलेल्या, थोड्या मळलेल्या स्थितीत असो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!